स्लीपमधून उठवताच पीसी रीस्टार्ट होतो? बिघाड शोधण्याची क्रमवार पद्धत

दिवसभर पीसी ठणठणीत चालतो, जड काम दिलं तरी अडखळत नाही. पण स्लीपमध्ये टाकून तास-दोन तासांनी माऊस हलवला की पंखे फिरतात, स्क्रीन उजळते आणि समोर येतो मदरबोर्डचा लोगो. उघड्या फायली गेल्या, सेव्ह न केलेलं काम गेलं, आणि विंडोज पहिल्यापासून सुरू.

या दुखण्यावर सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘फॉरमॅट मारून बघ’. कृपा करून तिथून सुरुवात करू नका. फॉरमॅटमध्ये दिवस जातो, आणि बिघाड रॅममध्ये किंवा एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) असेल तर नव्या विंडोजवरही तो तसाच उभा राहतो. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची: रीस्टार्ट विंडोजच्या हाती ताबा येण्याआधी होतोय की आल्यानंतर? याचं उत्तर मिळालं की निम्म्या शक्यता तिथेच गळतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या उत्तरासाठी आहेत. मी माझ्या मशिनवर याच वाटेने गेलो, म्हणून कुठे वेळ वाया जातो तेही सांगतो.

आधी थोडं आतलं

डेस्कटॉपची नेहमीची स्लीप म्हणजे एस३ ही अवस्था. तिच्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पंखे सगळं बंद असतं. जिवंत असते फक्त रॅम, तीही अगदी मंद चालीत, स्वतःतली माहिती स्वतःच ताजी ठेवत. तिला लागणारी वीज एसएमपीएसच्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनमधून येते. जुन्या रंगीत वायरींच्या एसएमपीएसमध्ये ही जांभळी वायर. पीसी बंद असतानाही बोर्डावर एखादा दिवा लागलेला दिसतो, तो याच लाइनवर.

तुम्ही की दाबली की बोर्ड एसएमपीएसला जागं करतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइन वर येतात, त्या स्थिरावल्या की एसएमपीएस ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकायला हवं. मग बायोस, म्हणजे बोर्डावरचा पीसी सुरू करणारा मूळ प्रोग्राम, उठतं. ते नेहमीसारखी पहिल्यापासून तपासणी करत नाही. रॅमचा कंट्रोलर झोपेआधीच्या स्थितीत आणतं आणि ताबा थेट विंडोजला देतं. विंडोज मग एकेका ड्रायव्हरला, म्हणजे एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रामला, उठवतं.

या साखळीत कुठेही कडी तुटली की शेवट एकच, रीस्टार्ट. वीज डगमगली, रॅममधली माहिती बिघडली, बायोस गोंधळलं किंवा एखादा ड्रायव्हर अडून बसला, तरी स्क्रीनवर दिसतं ते सारखंच. म्हणून नुसतं लक्षण सांगून कुणालाही कारण सांगता येणार नाही.

हाताशी काय ठेवाल

- महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर. चाचण्यांमध्ये पीसी पुन्हा पुन्हा अचानक बंद पडणार आहे.
- बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, कागदावर किंवा फोनवर. हे विसरू नका. बायोस अपडेट केल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्क उघडत नाही.
- मदरबोर्डचं पूर्ण मॉडेल आणि बायोसची आवृत्ती. विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये दोन्ही दिसतात.
- ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह, रिकामा.
- फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, आणि बायोसच्या स्क्रीनचे फोटो काढायला फोन.
- एक वही. तारीख, काय बदललं, किती वेळ झोपवलं, काय झालं, एवढं लिहायचं.

वहीचा कंटाळा करू नका. हा बिघाड दर वेळी होत नाही. तीनदा नीट उठतो, चौथ्यांदा कोसळतो. एका दमात चार सेटिंग बदलली आणि पीसी नीट उठला, तर नेमकं कशाने उठला ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर लहान झोप व लांब झोप अशा दोन्ही चाचण्या. काही मशिनं पाच मिनिटांच्या झोपेतून दर वेळी उठतात आणि रात्रभराच्या झोपेनंतरच कोसळतात.

१. रीस्टार्ट विंडोजनेच केलाय का, ते पाहा

स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टीम’. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये आयडीच्या चौकटीत १०७४ टाका. ही नोंद कुठल्या तरी प्रोग्रामने रीतसर रीस्टार्ट मागितल्याची असते, आणि कोणी मागितला तेही त्यात लिहिलेलं असतं.

रात्री पीसी झोपलेला असताना अपडेटसाठी विंडोज त्याला उठवू शकतं आणि अपडेट संपवून रीस्टार्टही करू शकतं. सकाळी तुम्ही माऊस हलवता, सगळं बंद झालेलं दिसतं, आणि वाटतं आत्ताच कोसळला. १०७४ ची नोंद रात्रीची असेल आणि अपडेटचं नाव असेल तर हार्डवेअरला हात लावायची गरज नाही. अपडेटचे ‘ॲक्टिव्ह अवर्स’ ठरवा, आणि पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘अलाऊ वेक टायमर्स’ बंद करा.

२. डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका

शक्य असेल तर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवा आणि उठवताना आतच बघा.

पंखे फिरले, सेकंद-दोन सेकंदांत सगळं पूर्ण थांबलं, ‘टक’ असा बारीक आवाज आला आणि मग पुन्हा सुरू झालं? वीज पूर्ण तुटली आहे. संशय एसएमपीएस, वायरी आणि रॅम यांच्यावर.

पंखे न थांबता फिरत राहिले आणि थेट लोगो आला? वीज तुटलेली नाही, बोर्डाने रीसेट घेतलाय. इथे रॅमची सेटिंग आणि बायोस आधी पाहायचे.

लॉक स्क्रीन दिसली, क्वचित पासवर्डही टाकता आला, आणि मग गेला? ताबा विंडोजपर्यंत पोचला होता. आता ड्रायव्हर किंवा डिस्क.

स्क्रीन काळीच राहिली आणि काही वेळाने रीस्टार्ट झाला, तर मधल्या वेळात कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? होत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र येत नाही. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे बोट जातं. दिवा ढिम्म असेल तर मशिन त्याआधीच अडकलं आहे.

बऱ्याच बोर्डांच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. उठताना डीरॅमचा दिवा रेंगाळला तर रॅम जुळवून घेण्यात बोर्डाला अडचण येतेय. हा दिवा मला सगळ्या लॉगपेक्षा जास्त उपयोगी पडला.

३. लॉगमधल्या तीन नोंदी जुळवा

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये परत या आणि फिल्टरमध्ये ४१, ४२, १०७ हे तीन आयडी स्वल्पविराम देऊन टाका. स्रोत ‘कर्नल-पॉवर’ आहे ना, ते बघा.

४२ म्हणजे पीसी झोपायला गेला. १०७ म्हणजे झोपेतून परत आला. ४१ म्हणजे मागच्या वेळी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला.

४२ नंतर थेट ४१ असेल, मध्ये १०७ नसेल, तर बहुधा विंडोजच्या हाती ताबा आलाच नाही. ४२, मग १०७, मग ४१ असा क्रम असेल तर विंडोज उठलं आणि नंतर पडलं.

‘बहुधा’ म्हणण्याचं कारण आहे. नोंद लिहायला डिस्क जागी असावी लागते. एसएसडीच उठली नसेल तर विंडोज उठूनही १०७ लिहू शकत नाही आणि क्रॅश डम्पही (कोसळण्याच्या क्षणाची नोंद-फाइल) ठेवू शकत नाही. तेव्हा हा निष्कर्ष दुसऱ्या पायरीत डोळ्यांनी पाहिलेल्याशी जुळतो का, हे तपासा.

आणखी एक फसवी जागा. ४१ च्या नोंदीवरची वेळ ही पुन्हा सुरू झाल्याची असते, कोसळल्याची नाही. आणि ४१ हे कारण मुळीच नाही, ती फक्त ‘मागच्या वेळी काहीतरी झालं’ अशी तक्रार आहे. या आकड्यावर उपाय शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

४१ च्या नोंदीत ‘डीटेल्स’ टॅब उघडा आणि ‘बगचेक कोड’समोरचा आकडा बघा. तिथे शून्य असेल तर निळी स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळताना दाखवतं ती, नोंदलीच गेली नाही: वीज गेली, रीसेट झाला किंवा डिस्कच नव्हती. शून्य नसेल तर आकडा दशमान पद्धतीतला असतो, म्हणून इतरत्र हेक्साडेसिमल (सोळामान) पद्धतीत लिहिलेल्या कोडशी तो थेट जुळत नाही. झोपेच्या बाबतीत नेहमी भेटणारे असे:

- १५९: ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’. एखादा ड्रायव्हर झोपेतून उठायला तयार नाही.
- १६०: ‘इंटर्नल पॉवर एरर’. वीज-व्यवस्थापनाच्या आतली चूक. हायबरनेटशीही (पुढे चौथ्या पायरीत) संबंध असू शकतो.
- २७८: ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’. ग्राफिक्स.
- २९२: ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’. हार्डवेअरनेच चूक कळवली आहे. ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), व्होल्टेज, प्रोसेसर.
- १२२ किंवा २३९: उठताना डिस्क हाताशी नव्हती, अशी शंका घ्या.

याच टप्प्यावर एक सेटिंग बदलून ठेवा. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा. आता निळी स्क्रीन आली तर ती थांबून राहील, फोटो काढता येईल. खूण काढूनही पीसी थेट लोगोवर गेला, तर विंडोजने तो रीस्टार्ट केलेला नाही.

४. स्लीप नेमकी कुठली, ते ओळखा

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड रोमन अक्षरांत सलग लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि लगेच ‘ए’ हे अक्षर. कुठल्या अवस्था उपलब्ध आहेत त्याची यादी येईल. ‘स्टँडबाय एस३’ उपलब्ध दिसली तर वर सांगितलेलं वर्णन तुमच्या मशिनला लागू. ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसली तर तुमचा पीसी पूर्ण झोपतच नाही, विंडोजच्या ताब्यातच राहतो. अशा वेळी रॅमपेक्षा ड्रायव्हर आणि एसएसडीवर आधी संशय घ्या.

आता पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘स्लीप’ हा भाग उघडा. तिथे दोन गोष्टी बघा.

पहिली, ‘हायबरनेट आफ्टर’. इथे मिनिटं भरलेली असतील तर तेवढ्या वेळाने पीसी स्लीपमधून हायबरनेटमध्ये जातो, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून पूर्ण बंद होतो. लहान झोप नीट आणि लांब झोप बिघडलेली, याचं एक कारण हेच असतं: लांब झोप ही स्लीप नसतेच. चाचणीपुरतं ते ‘नेव्हर’वर ठेवा.

दुसरी, ‘हायब्रिड स्लीप’. ही चालू असेल तर विंडोज झोपतानाच रॅमची एक प्रत डिस्कवर ठेवतं. मग झोपेत वीज तुटली तरी पीसी लोगो दाखवून पुन्हा तुमच्या उघड्या खिडक्यांसकट परततो. म्हणून लोगो आला पण काम शाबूत राहिलं, तर झोपेत रॅमची वीज गेली असावी, असा संशय घ्या. उठताना रीसेट झाला तरी असंच दिसू शकतं. ही खूण फार मोलाची आहे. ती दिसली तर आधी नववी पायरी करा, मग मधल्या.

‘फास्ट स्टार्टअप’ही चाचण्या संपेपर्यंत बंद ठेवा. ते चालू असताना ‘शट डाऊन’ म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं हायबरनेट असतं. आपण पीसी ताजा चालू केला असं समजतो, आणि बिघडलेली स्थिती तशीच परत येते.

५. बाहेरचं सगळं काढा

कीबोर्ड, माऊस, मॉनिटर एवढंच ठेवा. यूएसबी हब, बाहेरची डिस्क, वेबकॅम, वाय-फायचा डोंगल, गेमिंगचा कंट्रोलर, प्रिंटर, सगळं काढा. झोपेत यूएसबी पोर्टांना वीज त्याच ५ व्होल्टच्या स्टँडबाय लाइनमधून मिळते जिच्यावर रॅम जगत असते. फोन चार्जिंगला लावून पीसी झोपवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

याने बिघाड थांबला तर एकेक वस्तू परत जोडा, प्रत्येकीनंतर एक लांब झोप.

६. रॅम आणि बायोस

विंडोजच्या आधीच कोसळणाऱ्या मशिनमध्ये माझा पहिला संशय इथेच असतो.

आजची बहुतेक वेगवान रॅम डब्यावर छापलेल्या वेगाने आपणहून चालत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक प्रोफाइल चालू करावं लागतं: इंटेलच्या बोर्डांवर एक्सएमपी, एएमडीवर एक्सपो किंवा डीओसीपी. ही ओव्हरक्लॉकिंगच आहे. चालू असताना ती व्यवस्थित चालते, पण झोपेतून उठताना रॅमचा कंट्रोलर काही क्षणांत नेमक्या जुन्या स्थितीवर आणावा लागतो, आणि तिथे ताळमेळ चुकतो.

यातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम. माझ्या मशिनवर ती रात्रभर चालली, एकही चूक नाही. तरी लांब झोपेतून उठताना डीरॅमचा दिवा लागायचा आणि लोगो यायचा. मेमटेस्ट जागेपणीची रॅम तपासते, उठण्याची वाट ती तपासतच नाही. मेमटेस्टमध्ये चूक सापडली तर रॅम दोषी हे नक्की. सापडली नाही तर रॅम निर्दोष, असा अर्थ काढू नका. माझ्याकडे प्रोफाइल बंद केल्यावर रीस्टार्ट थांबले, आणि बायोसच्या नव्या आवृत्तीनंतर तेच प्रोफाइल पुन्हा चालू करता आलं.

क्रम असा ठेवा:

बायोसमध्ये जा, प्रत्येक पानाचा फोटो काढा. मग ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ निवडा. त्याने रॅमचं प्रोफाइल, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक, अंडरव्होल्ट आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सगळं मूळपदावर येतं. बूटचा क्रम आणि डिस्क कंट्रोलरचा मोड मात्र पूर्वीसारखाच ठेवा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. आता दोन-तीन लांब झोपा घ्या.

बिघाड थांबला? मग प्रोफाइल एकटंच चालू करून पाहा. परत आला तर गुन्हेगार सापडला. वेग एक पायरी खाली घ्या किंवा बायोस अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ असं सेटिंग असतं. रॅमची जुळवणी दर वेळी नव्याने करायची नाही, म्हणून ते जुनीच वापरतं. त्याने बूट लवकर होतं, पण काही रॅमना ते मानवत नाही. ते बंद केलं तर चालू व्हायला वेळ जास्त लागेल, घाबरू नका.

बिघाड थांबला नाही? रॅमची एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसरी. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्यांसाठी प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच असते. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करा. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर त्यांच्यावर आधी संशय घ्या, जरी त्यांच्यावर एकच नाव आणि एकच आकडा छापलेला असला तरी. पट्टी काढण्याआधी मागचा स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्टँडबाय लाइन चालू असताना रॅम ओढली तर ती जळू शकते. स्क्रीन काळी आहे म्हणजे वीज नाही, असं धरून चालू नका.

बायोस अपडेट करताना फाइल बोर्डाच्या कंपनीच्याच साइटवरून आणि अगदी तुमच्याच मॉडेलची घ्या. बोर्डावर छापलेला आवृत्तीचा आकडाही जुळायला हवा. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. बिटलॉकर आधी ‘सस्पेंड’ करा. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर गेलेली असतात. म्हणून तर फोटो काढायचे.

‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ अशा नावाचं वीजबचतीचं सेटिंग चालू असेल तर तेही चाचणीपुरतं बंद करा.

७. निकाल लावणारी चाचणी: लिनक्सचा पेन ड्राइव्ह

इथपर्यंत येऊनही चित्र धूसर असेल तर ही चाचणी करा. उबुंटूसारखं लिनक्स पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून पीसी सुरू करा, ‘ट्राय’ निवडा. इन्स्टॉल करायचं नाही, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. सिस फोल्डरातल्या पॉवर फोल्डरात मेम-स्लीप नावाची फाइल आहे. ती उघडून ‘डीप’ या शब्दाभोवती चौकोनी कंस आहे ना, ते बघा. असेल तर ही खरी एस३ झोप. मग मेनूतून ‘सस्पेंड’ करा, आणि विंडोजला जेवढ्या झोपेनंतर त्रास होतो तेवढाच वेळ झोपू द्या.

लिनक्समधूनही लोगोवर गेला तर विंडोज सुटलं. फॉरमॅटचा विषय संपला, बिघाड हार्डवेअर किंवा बायोसचा. वारंवार चाचणी करूनही लिनक्स नीट उठलं तर विंडोजचे ड्रायव्हर तपासा. उठल्यावर लिनक्स नुसतं गोठलं, रीस्टार्ट झालं नाही, तर त्यावरून काही ठरवू नका. पेन ड्राइव्ह झोपेतून परत न जोडला गेल्यानेही तसं होतं.

८. ड्रायव्हर, क्रमाने

आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचा, मग लॅन आणि वाय-फाय. तिन्ही कंपनीच्या अधिकृत साइटवरून. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ करून देणारे प्रोग्राम टाळा. ते चुकीचा ड्रायव्हर बसवतात आणि मग मूळ दुखणं कुठलं नि नवं कुठलं ते ओळखता येत नाही.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुसता वरून टाकू नका. सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुना पुसा, मग नवा घ्या. बिघाड एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर नव्याच्या मागे न लागता आधीची आवृत्ती बसवा.

एसएसडीसाठी दोन गोष्टी. तिच्या कंपनीच्या साधनाने फर्मवेअरची (एसएसडीच्या आतल्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती आहे का बघा, आणि पॉवर प्लॅनमध्ये ‘पीसीआय एक्सप्रेस’खालचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा.

बगचेक कोड १५९ असेल तर अंदाज बांधत बसू नका. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडम्प फोल्डर आहे. त्यातली फाइल मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत प्रोग्राममध्ये उघडा आणि ॲनलाइझचा दुवा दाबा. अडून बसलेल्या ड्रायव्हरचं नाव बहुतेक वेळा तिथेच मिळतं. व्हीपीएन, अँटिव्हायरस, रंगीत दिव्यांचे आणि पंख्यांचे प्रोग्राम यांचे ड्रायव्हरही त्यात सापडतात. ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण देऊन तपासणारं विंडोजचं साधन मात्र नवख्यांनी चालू करू नये. त्याने पीसी सुरू होतानाच कोसळत राहू शकतो.

९. वीज

झोपेतून उठणं हा एसएमपीएससाठी कठीण क्षण असतो. जवळपास शून्य भारावरून एकदम पंखे, डिस्क, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं एकाच वेळी वीज मागतं. जुन्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असले तर दिवसभराच्या कामात ते कळत नाही, या क्षणी कळतं.

फुकटचे उपाय आधी. २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा. पीसी यूपीएसवर असेल तर एक रात्र थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. पुढच्या रीसेट बटणाची दोन पिनांची वायर बोर्डावरून काढून ठेवा, कारण अडकलेलं बटणही रीसेट देतं. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी जुनी असेल, घड्याळ मागे पडत असेल, तर बदला.

पुढची चाचणी म्हणजे कुणाकडून तरी उसना चांगला एसएमपीएस लावून बघणं. त्याच्याच वायरी वापरा. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दिसायला सारख्या असल्या तरी आतली जोडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते, आणि चुकीच्या वायरीने डिस्क किंवा बोर्ड जळतो. मल्टिमीटर वापरता येत असेल तर झोपेत स्टँडबाय लाइन ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये हवी. पण आकडा ठीक आला म्हणून एसएमपीएस ठीक ठरत नाही, कारण उठण्याच्या क्षणीची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आत जिवाला धोका होईल इतकी वीज साठलेली असते.

१०. तोवर काम कसं चालवाल, आणि दुरुस्तीला देताना

कारण सापडेपर्यंत स्लीप बंद ठेवा आणि त्याऐवजी हायबरनेट वापरा. त्यात सगळं डिस्कवर लिहिलं जातं, रॅमला वीज लागत नाही, आणि पीसी उठताना बायोस पूर्ण तपासणी करतं. रॅमच्या किंवा स्टँडबाय लाइनच्या बिघाडात हायबरनेट बहुतेक वेळा नीट चालतं. चाललं तर तीही एक नोंद आहे, वहीत लिहा.

पीसी तंत्रज्ञाकडे किंवा वॉरंटीत देणार असाल तर नुसतं ‘स्लीपमधून रीस्टार्ट होतो’ असं सांगू नका. टेबलावर तो पाच मिनिटं झोपवून, उठवून, ‘काही बिघाड नाही’ म्हणून परत येईल. सोबत लिहून द्या: किती वेळाच्या झोपेनंतर होतं, पंखे थांबतात की नाही, कुठला दिवा रेंगाळतो, ४१ च्या नोंदीतला बगचेक कोड, लिनक्सवर काय झालं, रॅमचं प्रोफाइल बंद असताना काय झालं. आणि रात्रभर झोपवूनच तपासा, असं स्पष्ट सांगा.